फराळ जातो, मग बाटली का नाही?

प्रतिनिधी

कळंबा (ता. करवीर) : ज्या घरातले कोणीच पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात नाही, असे घर कळंब्यासारख्या कोल्हापूरच्या उपनगरांत आता शोधावे लागते. दिवाळीच्या आधी महिनाभर चकली, चिवडा, कांदा-लसूण मसाला, गूळ आणि कोल्हापुरी चपलांची खोकी येथून सातासमुद्रापार रवाना होऊ लागतात. तिकडून चॉकलेटे, सुगंधी द्रव्ये आणि कपडे येतात. या देवाणघेवाणीत अलीकडे एक वेगळीच मागणी डोकावू लागली आहे. बेल्जियममध्ये नोकरीला असलेला भाचा तेथील एका मठात तयार होणाऱ्या बिअरची बाटली मामाला पाठवू इच्छितो. त्याच्या कार्यालयातील एखाद्या शौकिनाला त्या बदल्यात पुण्यातील छोट्या कारखान्याची बिअर चाखून पाहायची असते. पैशांचा व्यवहार नाही, दुकानदारी नाही, केवळ हौस. मग फराळाच्या खोक्यातच एक बाटली सरकवून दिली तर बिघडते कोठे?

बरेच काही बिघडते. बाटली फुटून चिवडा भिजणे ही त्यातली सर्वांत लहान आपत्ती होय.

जगभरची अदलाबदल

टपालाची तिकिटे, नाणी किंवा काडेपेट्यांची वेष्टने जमवणाऱ्यांप्रमाणेच बिअरच्या बाटल्यांची अदलाबदल करणाऱ्या हौशी मंडळींचे एक जग आहे. आपल्या गावात मिळणारी, पण दुसरीकडे दुर्मिळ असलेली बाटली द्यायची आणि तिकडची घ्यायची, एवढाच त्याचा नियम. किंमत रुपयांत किंवा डॉलरमध्ये नव्हे, तर दुर्मिळतेत मोजली जाते. दोघे अनोळखी असल्यास नवख्याने आधी पाठवायचे आणि जुन्याने नंतर, असा संकेत रूढ आहे. सारा व्यवहार विश्वासावर चालतो. फसवणूक झाली तर दाद मागण्याची सोय नसते, कारण मुळात तो व्यवहार बहुतेक ठिकाणी कायद्याच्या चौकटीबाहेरचा असतो.

या हौसेला दुर्मिळतेचे खतपाणी कसे मिळते, हे समजण्यासाठी बेल्जियममधील वेस्टव्लेटरेन येथील सिंट-सिक्स्टस मठाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील मठवासी आपला निर्वाह चालेल एवढीच बिअर बनवतात. खरेदीसाठी आधी नोंदणी करावी लागते, गाडीचा क्रमांक द्यावा लागतो आणि घेतलेला माल पुन्हा विकणार नाही, हे मान्य करावे लागते. अनेक वर्षे या बाटलीवर कागदी लेबलही नसे; झाकणाच्या रंगावरून आतला प्रकार ओळखायचा. मठाच्या दुरुस्तीसाठी निधी हवा होता, तेव्हा २०११ मध्ये बेल्जियममधील एका दुकानसाखळीतून आणि २०१२ मध्ये अमेरिकेत या बिअरचे खास संच विकण्यात आले. एरवी अनेक वर्षे ती मठाच्या दारातच घ्यावी लागे. अशी बाटली न्यूयॉर्कला किंवा मुंबईला पोहोचते, तेव्हा ती बहुधा कोणाच्या तरी सामानात किंवा खोक्यात दडून आलेली असते.

विमानाला बिअरचे भय नाही

बाटलीबंद मद्य ज्वालाग्राही असल्यामुळे ते पाठवता येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. बिअरच्या बाबतीत तो खरा नाही. हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मद्याचे तीन गट पडतात. ज्यात मद्यार्काचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आहे, ते प्रवाशाला नेताच येत नाही. २४ ते ७० टक्क्यांमधील मद्य, म्हणजे व्हिस्की, रम, फेणी वगैरे, प्रत्येक प्रवाशाला मूळ सीलबंद बाटल्यांत पाच लिटरपर्यंत नेता येते. २४ टक्क्यांपर्यंतच्या पेयांना धोकादायक वस्तू म्हणून कोणतेही बंधन नाही. बिअरमध्ये हे प्रमाण साधारणपणे चार ते आठ टक्के असते, अगदी कडक प्रकारांत दहा-बारा. थोडक्यात, विमानाच्या दृष्टीने बिअर आणि गुलाबाचे सरबत यांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो सरकारी तिजोरीच्या दृष्टीने.

मद्य ही जगातील बहुतेक राष्ट्रांत सर्वाधिक कर भरणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे आणि तो कर जेथे प्यायले जाते तेथे वसूल व्हावा, असा सर्वांचा आग्रह असतो. टपालाने सरकणारी बाटली हा कर चुकवते, ती कोणत्या वयाच्या व्यक्तीच्या हाती पडते हेही कोणी पाहत नाही. म्हणून अमेरिकेत मद्य टपालात घालण्यावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून, १९०९ पासून, केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तेथील मोठ्या खासगी कुरिअर कंपन्याही परवानाधारक व्यापाऱ्यांचाच माल स्वीकारतात, सामान्य ग्राहकाचा नाही. तरीही खोक्यावर 'ऑलिव्ह तेल' किंवा 'काचेच्या शोभेच्या वस्तू' असे लिहून बाटल्या पाठवणारे हौशी तेथे कमी नाहीत. याउलट ब्रिटनमध्ये देशांतर्गत टपालाने बिअरची बाटली नीट बांधून रीतसर पाठवता येते. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात स्वतः जाणाऱ्या नागरिकाने ११० लिटरपर्यंत बिअर नेली तर ती स्वतःच्या वापरासाठी आहे, असे सामान्यतः मानले जाते. तीच बिअर खोक्यात घालून मित्राला पाठवली की मात्र करआकारणीचा प्रश्न उभा राहतो. सौदी अरेबिया किंवा कुवेतच्या पत्त्यावर बाटली पाठवण्याचा विचारही करू नये. तेथे ती पाठवणाऱ्याची हौस घेणाऱ्याच्या कारावासाचे कारण ठरू शकते.

एका बाटलीला तीन दरवाजे

आपल्याकडे परदेशातून निघालेल्या बाटलीला कळंब्यातील घरापर्यंत पोहोचण्यासाठी तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला टपाल अथवा कुरिअर यंत्रणेचा, दुसरा केंद्राच्या सीमाशुल्क खात्याचा आणि तिसरा राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. यांपैकी दोन उघडले तरी तिसरा बंद असतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या दरवाजावर वाहतूकदाराचे स्वतःचे नियम असतात. खासगी कुरिअर कंपन्या व्यक्तिगत पार्सलांमध्ये मद्य घेत नाहीत. टपाल खात्यासाठी १८९८ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे. परदेशातून आलेल्या टपालात निषिद्ध किंवा शुल्कपात्र वस्तू असल्याचा संशय आल्यास ते सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याची तरतूद त्यात आहे.

दुसऱ्या दरवाजावर 'भेटवस्तू' हा शब्द पूर्वी उपयोगी पडत असे. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्कातून सूट होती. तिचा परदेशी संकेतस्थळांवरील खरेदीसाठी सर्रास गैरवापर होऊ लागल्यानंतर १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तू 'भेट' म्हणून सोडवून घेण्यास मनाई केली. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबत आलेल्या भेटीलाही सवलत नाही. पूर्ण शुल्क भरून भेट घेता येते. पण मद्याच्या बाबतीत तीही वाट अरुंद आहे. व्यक्तिगत वापराच्या वस्तूंसाठी शुल्कसूचीत जी सोपी, एकाच दराची सोय आहे, तिच्यातून मोटारवाहनांप्रमाणेच मद्यही वगळण्यात आले आहे. म्हणजे बाटलीला व्यापारी मालाप्रमाणेच तोंड द्यावे लागते. परदेशी बिअरवर वर्षानुवर्षे १०० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर अधिभार मिळून ११० टक्के आकारणी होत आली. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाबरोबर वाटाघाटी पूर्ण झालेल्या व्यापार करारात हे शुल्क ५० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. त्याचा लाभ आयातदाराला होईल. फराळाच्या डब्यात दडलेल्या बाटलीला नव्हे.

तिसरा दरवाजा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम. राज्यघटनेने मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय राज्यांच्या सूचीत ठेवले आहेत. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्याही बाहेर आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, ही गोष्ट वाइन शॉपपुढील गर्दी पाहणाऱ्याला खरी वाटणार नाही. परंतु राज्यातील संपूर्ण मद्यव्यवहार हा या बंदीला दिलेल्या परवान्यांच्या अपवादांवरच उभा आहे. कायद्याच्या बाराव्या कलमाने मद्य बनवणे, राज्यात आणणे, बाहेर पाठवणे, वाहून नेणे, जवळ बाळगणे, विकणे आणि विकत घेणे या सर्वांवर बंदी घातली आहे. परवाना असेल तेवढ्यापुरती ती शिथिल होते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. चंद्रपुरातील २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

आता या कलमाच्या शब्दांकडे हौशी अदलाबदलीच्या दृष्टीने पाहावे. 'आम्ही विकत नाही, केवळ देवघेव करतो' हा बचाव तेथे टिकत नाही, कारण गुन्हा घडण्यासाठी विक्रीची गरजच नाही. विनापरवाना वाहून नेणे किंवा बाळगणे पुरेसे आहे. मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांनी या कायद्यालाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. घरात व्हिस्की, वाइन, बिअर बाळगण्याचा आणि औषधी मद्य व ओ द कोलोन वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. मे १९५१ मधील निकालात न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांच्यासंबंधीच्या तरतुदी रद्द केल्या. ओ द कोलोन सुटले. बिअर अडकली ती अडकलीच.

खोक्यावर खोटे लिहिले तर

परदेशी पार्सलावर आत काय आहे याचे निवेदन भरून द्यावे लागते आणि त्यावर पाठवणाऱ्याची सही असते. पाठवणाऱ्याचे ओळखपत्रही नोंदवून घेतले जाते. 'मसाले व खाद्यपदार्थ' एवढेच लिहून बाटली लपवली, तर ती निव्वळ हौस राहत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या ११४ एए या कलमानुसार जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास वस्तूच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. माल जप्त होतो तो वेगळाच. त्याच कायद्याचे ११९ वे कलम सांगते, की चोरट्या मालाला लपवण्यासाठी वापरलेली वस्तूही जप्तीस पात्र असते. म्हणजे बाटलीभोवती रचलेल्या चकल्या आणि शंकरपाळेही कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचे साधन ठरू शकतात.

क्ष-किरण यंत्राला बाटली ओळखता येत नाही, ही भाबडी समजूत आहे. काचेचा आकार, द्रवाची पातळी आणि धातूचे झाकण पडद्यावर स्पष्ट दिसते. कोल्हापुरातून परदेशी निघालेल्या पार्सलाची तपासणी मुंबईत किंवा अन्यत्र झाली तरी नोटीस येते ती पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. अमेरिकेला जाणाऱ्या पार्सलांवर तर तेथील आठशे डॉलरपर्यंतची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये संपुष्टात आल्यापासून अधिकच बारीक लक्ष आहे.

दंडाची रक्कम बाटलीच्या किमतीच्या मानाने लहान वाटेल. खरा धोका त्यानंतरच्या कागदपत्रांत आहे. परदेशी नोकरीचा व्हिसा, पारपत्राचे नूतनीकरण किंवा सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी यांत प्रलंबित गुन्ह्याची माहिती द्यावी लागते. पंचविशीतल्या तरुणाने दोन बाटल्यांसाठी एवढी जोखीम पत्करावी का, याचा विचार त्याच्याआधी त्याच्या आईवडिलांनाच करावा लागतो. कारण पार्सल बहुधा त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने गेलेले असते.

गोवा हेही 'परदेश'च

कोल्हापूरकरांना हा धडा खरे तर नवा नाही. कळंब्यावरून गारगोटीकडे जाणारा रस्ता पुढे आजरा, आंबोलीकडे नेतो आणि घाट उतरला की गोवा फार दूर राहत नाही. तेथे मद्यावरील कर कमी, त्यामुळे बाटली स्वस्त. बाटलीवर केवळ गोव्यातील विक्रीसाठी असल्याचा उल्लेख असतो आणि सहलीवरून परतणारा प्रवासी तो वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो. परंतु राज्याच्या कायद्यापुढे गोव्याहून विनापरवाना आलेली बाटली आणि ब्रुसेल्सहून आलेली बाटली यांत तत्त्वतः भेद नाही. घाटरस्त्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथके ट्रकच काय, मोटारीही तपासतात आणि मद्यासोबत वाहनही जप्त होते. गोव्यातून वारंवार मद्य आणताना सापडणाऱ्यांवर संघटित गुन्हेगारी प्रतिबंधक कायदा, म्हणजे मोक्का, लावण्याचा इशारा २०२२ मध्ये तत्कालीन उत्पादन शुल्कमंत्री शंभूराज देसाई यांनी दिला होता. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. बिअर त्यातून वगळण्यात आली. पण दोन राज्यांतील दरांमधील दरी रुंदावली आणि सीमेवरील नजरही.

हौशी माणूस आणि तस्कर यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर असते. रात्री दोन वाजता घाटात गाडी थांबवणाऱ्या पथकाला ते अंतर दिसावे कसे?

बाटलीच्या आत काय घडते

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी बिअर हा प्रवासाला नाजूक माल आहे. तिचे तीन शत्रू : प्रकाश, प्राणवायू आणि उष्णता.

बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या वनस्पतीतील द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की त्यांचे विघटन होऊन गंधकयुक्त संयुग तयार होते. त्याचा वास अमेरिकेतील स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याच्या वासाशी मिळताजुळता असतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारच थोडा आणि पारदर्शक काच जवळपास नाहीच. अॅल्युमिनियमचा डबा या बाबतीत सर्वांत सुरक्षित असतो. तो हलकाही असतो आणि फुटतही नाही. तरीही शौकिनांना बाटलीचाच मोह असतो, हे वेगळे.

प्राणवायूमुळे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उष्णता ही क्रिया वेगाने घडवते. मद्यनिर्मिती व्यवसायात यासाठी एक ठोकताळा वापरला जातो : सुमारे ३२ अंश सेल्सिअसमध्ये तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस बिअर ठेवली तर तिची झीज साधारण सारखीच होते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या ट्रकमध्ये मुंबई ते कोल्हापूर प्रवास करून नंतर दोन दिवस गोदामात पडलेल्या खोक्याचा हिशेब यावरून ज्याने त्याने करावा. तापमान वाढले की बाटलीतील कर्बवायूचा दाबही वाढतो. २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना तो दीडपट ते दुपटीच्या घरात जातो. आंबवणे अपुरे राहिलेल्या घरगुती बिअरच्या बाटल्या तर आपोआप फुटल्याची उदाहरणे जगभर आहेत.

म्हणूनच रीतसर पाठवता येते अशा देशांतील हौशी मंडळी बांधणीला विशेष महत्त्व देतात. प्रत्येक बाटलीचे झाकण चिकटपट्टीने पक्के करायचे, तिला बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये लपेटून स्वतंत्र पिशवीत बंद करायचे, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या भिजत नाहीत. बाटल्या उभ्या ठेवायच्या, काचेला काच लागू द्यायची नाही आणि खोक्याच्या भिंतीपासून काही इंच जागा मऊ भरणाने भरायची. खोके बंद करून हलवल्यावर कसलाही आवाज येता कामा नये. भरलेल्या सहा लहान बाटल्यांचे वजन साडेतीन किलोच्या आसपास जाते आणि पाठवणीचा खर्च बहुधा आतल्या मालाहून अधिक होतो.

मुंबईला आलेली जुनी खोकी

विरोधाभास असा, की हॉप्सचा भरपूर वापर केलेल्या आणि आज अदलाबदलीत सर्वाधिक मागणी असलेल्या ज्या प्रकाराची चव प्रवासात सर्वांत लवकर उतरते, त्याच्या नावातच भारताचा प्रवास आहे. 'इंडिया पेल एल' हा तो प्रकार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील बो येथे जॉर्ज हॉजसन याची मद्यनिर्मितीशाळा होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगरत त्या गोदीपासून ती जवळ. कंपनीच्या जहाजांवरील कप्तान आणि अधिकाऱ्यांना ठरावीक जागेत स्वतःचा खासगी माल भरण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर बिअर देई आणि ते ती कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील गोऱ्या मंडळींना विकत. पगारी नोकरीच्या आडून चालणारा हा जोडधंदा आजच्या हौशी देवाणघेवाणीचा खापरपणजोबा म्हणता येईल. फरक इतकाच, की त्याला कंपनीची लेखी परवानगी होती.

आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या या प्रवासाला चार ते सहा महिने लागत आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. भारतासाठी म्हणून हॉजसनने हा प्रकार शोधून काढला, ही कथा मात्र इतिहास संशोधकांनी खोडून काढली आहे. मुरवून ठेवण्याची फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होती. समुद्रप्रवासात ती अनायासे मुरली आणि येथे आवडली. शिवाय छावण्यांतील साध्या सैनिकांचे पेय फिकट नव्हे, तर काळपट 'पोर्टर' हे होते. १८२२ च्या सुमारास बर्टन येथील सॅम्युअल ऑलसॉप या स्पर्धकाने या धंद्यात उडी घेतली आणि हॉजसनची मक्तेदारी ओसरली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तो प्रवासच आखूड झाला.

मग सरळ मार्ग कोणता?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बाटलीने एकटीने प्रवास न करता माणसाबरोबर करावा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला बॅगेज नियमांनुसार दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. बिअरच्या ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, जणू शौकिनांचा विचार करूनच मर्यादा ठरवली असावी. मात्र व्हिस्कीची लिटरची बाटली घेतली, तर बिअरला एकच लिटर उरतो. द्रवपदार्थ हातातील पिशवीत शंभर मिलिलिटरहून अधिक चालत नसल्याने बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांमध्ये लपेटून ठेवाव्या लागतात. विमानतळ ओलांडल्यावर राज्याचा कायदा सुरू होतो, तेव्हा पिण्याचा परवाना आणि खरेदीची पावती जवळ असलेली बरी.

येथून जाणाऱ्याने पोहोचण्याच्या देशाची मर्यादा पाहावी. ब्रिटनमध्ये प्रौढ प्रवाशाला ४२ लिटर बिअर शुल्काविना नेता येते, युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला १६ लिटर. ऑस्ट्रेलियात सर्व मद्य मिळून सव्वादोन लिटर, तर अमेरिकेत २१ वर्षांवरील प्रवाशाला एकच लिटर शुल्कमुक्त असते. लंडनला निघालेल्या कोल्हापूरकराची अडचण कायद्याची नसून विमान कंपनीच्या वजनमर्यादेची आहे.

दुसरा मार्ग म्हणजे जे पाठवायला बंदी नाही तेच पाठवणे. रिकाम्या बाटल्या, लेबले, झाकणे आणि पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या जमवणाऱ्यांचाही जगभर मोठा परिवार आहे. साध्या पाकिटातून त्यांची अदलाबदल होते आणि कोणत्याही खात्याला तिचे वावडे नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलालीच्या रूपाने ताज्या बिअरचा छोटा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर पुणे-मुंबईत अशा कारखान्यांची मालिकाच उभी राहिली. त्यांच्या चकत्यांनाही संग्राहकांकडून मागणी असते.

घरी बिअर बनवण्याचा प्रयोग मात्र येथे करू नये. महाराष्ट्रात विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, मग ती स्वयंपाकघरातील एका बरणीत का असेना. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर करण्यास केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. एका प्रौढास वर्षाला शंभर गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास दोनशे. तेथील हौशी मंडळींना आपल्याकडून पाठवता येईल अशी एक वस्तू कोल्हापूरकरांच्या घरातच आहे. बेल्जियन पद्धतीच्या कडक बिअरमध्ये मद्यार्क वाढवूनही अंग हलके राहावे म्हणून साखर घालण्याची परंपरा आहे आणि त्या साखरेच्या जागी गूळ वापरता येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खोक्यावर 'गूळ' असे लिहिले, आत गूळच भरला आणि ज्या देशात तो जायचा आहे तेथील खाद्यपदार्थांचे नियम पाळले, की पाठवणाऱ्याला तीनपैकी एकाही दरवाजावर मान खाली घालावी लागत नाही.